मुंग्यांची साखर

कल्याणात सकाळी तळ्यावर अंघोळीला जाताना एका परसाच्या कुंपणापाशी एक गृहस्थ रोज दिसायचा. अंगरखा अंगावर लोंबलेला, ओठ कोरडे. उकिडवा बसून मातीत चिमूटचिमूट साखर टाकायचा. आमच्या घरी साखर सणालाच दिसे, त्यामुळे त्याच्या या पुण्याईचा मला रागच यायचा.

एकदा मी म्हणालो, “मुंग्यांना पीठही चालतं की हो!”

त्याने आधी घराकडे पाहिलं. “हळू बोला. मला मधुमेह आहे. वैद्यबुवा म्हणाले, लघवीला मुंग्या लागायच्या थांबल्या की उतार पडला समजा. काढे पितोय, भात सोडला, तरी येतातच. आमची ही रोज परसातल्या मोरीपाशी बघून जाते. म्हणून त्यांना इथे गुंतवतो.”

तेव्हापासून मीही जाता-येता त्या मोरीकडे बघू लागलो.

एका सकाळी साखर तशीच पडली होती. मुंग्यांची रांग तिच्या कडेने मोरीकडे चालली होती. तो रांगेच्या वाटेत आणखी साखर टाकत होता. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, “अहो, राहू देत त्या मुंग्या. तांब्या भरून ठेवलाय, तहान लागली असेल.”