शिट्टी कुठून आली

होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सिद्धारामच्या घरी साध्या भाजीवरूनसुद्धा चर्चा होते आणि शेवटी नीलम्मा म्हणेल तेच शिजतं. पण थोरल्या लेकीनं, श्रावणीनं, हिमाचलातून फोन करून 'सगळ्यांनी मिळून एक दिवस जंगलात चालायला जाऊ' असा बेत मांडला, तेव्हा चर्चा झालीच नाही. नीलम्मा लगेच हो म्हणाली. अकरावीतली धाकटी संस्कृती तर फोन संपायच्या आत वही घेऊन बसली. सिद्धाराम तेवढा गप्प राहिला.

श्रावणीचा नवरा आशिष आधी चिंचोळी एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात होता. वर्षापूर्वी त्याला सोलनकडे नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली. त्यांच्या घरामागचा सगळा डोंगर पाइनच्या झाडांनी भरलेला. रेल्वेचा पास होता, दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती, आणि या घरातलं कुणी आजवर नुसतं हौसेनं, म्हणजे कुठं पोचायचं नसताना, चाललेलं नव्हतं.

"सुरूच्या झाडावानीच दिसत्यात की," नीलम्मा फोनवरचा फोटो बघत म्हणाली.

"सुरूपेक्षा मोठी हायत, अव्वा," श्रावणी तिकडून म्हणाली. "आन खाली सुयांसारख्या वाळल्या पानांचा थर असतोय. पाय घसरतो, म्हणून बूट घ्या. नऊ किलोमीटर हाय. सकाळी सातला निघायचं, चारच्या आत घरी."

"नऊ किलोमीटर तर अप्पा रोज दुपारपर्यंत चालून टाकतात," संस्कृती म्हणाली.

खोटं नव्हतं. सिद्धाराम रेल्वेत कीमन आहे. खांद्यावर हातोडा, हातात लाल-हिरवी झेंडी आणि अंगात नारिंगी जाकीट घालून तो आपल्या हद्दीतल्या रुळांवरून रोज चालतो. रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या कुठं सैल झाल्यात ते बघायचं, ठोकून घट्ट करायच्या. आधी सतरा वर्षं त्यानं गँगमध्ये खडी उपसली, मग हे काम मिळालं. नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून चावी सैल आहे की नाही हे तो सांगायचा, आणि नवी पोरं मुद्दाम त्याला बोलावून खात्री करून घ्यायची. वरवर तो कधी मिरवला नाही, पण मनातून फार सुखावायचा.

"आणखी एक," श्रावणी पुढं सांगत होती, "आत मोबाइलला रेंज न्हाय. आन सुयांवरनं चालताना पायाचा आवाज येत न्हाय. मागचं माणूस थांबलं तरी पुढच्याला कळत न्हाय. म्हणून ज्याच्या त्याच्या गळ्यात शिट्टी पायजे. तीनदा वाजली की आवाजाच्या दिशेनं जायचं. अप्पा सगळ्यांच्या पुढं ऱ्हातील. त्यांच्यासारखा कान कुणाचा हाय?"

सिद्धाराम उठून दाराबाहेर गेला. कारण त्याचा डावा कान गेलेला होता, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

संक्रांतीनंतर त्याला ताप आला होता. कानात दोन दिवस भुंगा फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी भुंगा थांबला आणि त्या बाजूचं बाकी सगळंही थांबलं. सोलापुरातल्या एका डॉक्टरानं तपासून नस गेल्याचं सांगितलं, आता परत येणार नाही म्हणाला. उजवा कान शाबूत असल्यामुळे त्याला ऐकू सगळं येई, फक्त आवाज कुठून आला ते कळत नसे. तेव्हा त्याला ती गोष्ट किरकोळ वाटली होती.

ती किती किरकोळ आहे हे ऑगस्टमध्ये समजलं. तो एका लाइनवरून चालत होता. हॉर्न ऐकू आला. गाडी आपल्याच लाइनवर मागून येतेय असं समजून तो चटकन शेजारच्या लाइनवर गेला, आणि मालगाडी नेमकी त्या शेजारच्याच लाइनवर, वळणाआडून समोरून आली. कसा कुणास ठाऊक, तो खडीवरून खाली घसरला. डबे संपेपर्यंत तो तिथंच बसून राहिला. पूर्वी डिझेलचं इंजिन धडधडत यायचं, लांबूनच कळायचं. आताचं विजेचं इंजिन मांजरासारखं येतं.

त्या दिवसापासून तो रुळांखालच्या दर वीस स्लीपरला मागं वळून बघायचा. सांगितलं असतं तर नोकरी गेली नसती, दुसरं काम मिळालं असतं, हेही त्याला माहीत होतं. पण हद्द सोडून कुठल्यातरी टेबलाशेजारी स्टुलावर बसायचं, आणि ज्या कानाची पोरं तारीफ करायची त्याच कानाचा दाखला घेऊन हिंडायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. माणूस जिवापेक्षा कशाकशाला जपत बसतो, काही सांगता येत नाही.

इकडे संस्कृतीनं बाजारातून तीन हिरव्या शिट्ट्या आणल्या आणि रविवारी रंगीत तालीम जाहीर केली. गावाबाहेरच्या माळावर वनखात्यानं लावलेली झाडं आहेत, लिंब, सुबाभूळ, करंज, अशी बरीच दाट. नीलम्मानं साडीखाली नवे बूट चढवले. सिद्धारामनं डोकं दुखतंय म्हणून बघितलं, पण त्या दोघींपुढं त्याचं काही चाललं नाही.

"अप्पा, तुम्ही पुढं चालत ऱ्हावा. मी मधनंच गायब होणार," संस्कृती म्हणाली.

तो चालू लागला. इथं इतकी दाट झाडं की वळून बघून काही उपयोग नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पाचेक मिनिटांनी शिट्टी वाजली, तीनदा. ऐकू अगदी लख्ख आली. आता थांबून विचार करावा तर संशय येईल, म्हणून तो मोठ्या ऐटीत उजवीकडं वळला आणि भराभर निघाला. पुन्हा शिट्टी वाजली, जरा बारीक. तो आणखी जोरात चालला.

"अवो, कुटं निगालाव?" मागून नीलम्माची हाक आली. "पोरगी हिकडं हाय."

संस्कृती पार डाव्या अंगाला करंजाच्या बुंध्याआडून पोट धरून हसत बाहेर आली. "अप्पा, शिट्टी मी वाजवली का कुत्र्यानं?"

"मुद्दाम गेलो. बघत हुतो तुमचं ध्यान हाय का," तो म्हणाला.

नीलम्मा हसली नाही. तिनं नवऱ्याकडं बराच वेळ निरखून बघितलं. कधीपासून तो जेवताना तिला उजवीकडं बसायला सांगतो, उजवा कान उशीत घातला की कुकरच्या शिट्टीनंही जागा होत नाही, हे सगळं ती मनात जुळवत असणार.

"हितं पाठ करून उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "डोळं झाका. मी शिट्टी वाजवते. कुटनं वाजली त्ये बोटानं दावा."

"काय पोरखेळ लावलायस?"

"दावा म्हंते न्हवं."

त्यानं डोळे मिटले. शिट्टी वाजली. त्यानं उजवीकडं बोट केलं. पुन्हा वाजली. पहिलं चुकलं असावं अशा अंदाजानं त्यानं या वेळी डावीकडं दाखवलं. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा त्यानं पाठीमागं हात केला. डोळे उघडले तर नीलम्मा थेट त्याच्या समोर उभी होती, तोंडात शिट्टी तशीच. तिच्या मागं संस्कृती. तिचं हसू मावळलं होतं.

तिघं घरी परतली. चहा झाल्यावर संस्कृती अभ्यासाला गेली, तेव्हा नीलम्मानं विचारलं, "रुळावर बी असंच हुतं?"

"थोडं दिस झालं. औषध चालू हाय. हुईल बरं." एका दमात तीन थापा मारल्या त्यानं, आणि तिसरी मारताना तिच्या डोळ्यांकडं बघवेना.

"मग बरं हुईस्तोवर मी येते तुमच्यासंगं. तुमच्या कानाचं काम मी करते."

त्याला वाटलं, बोलली असेल रागात. पण सोमवारी पहाटे तो हातोडा घेऊन निघाला तर ही बूट घालून दारात तयार. बाईमाणसाला लाइनवर नेता येत नाही, साहेब बघतील, लोक हसतील, सगळं सांगून झालं. ती रुळांच्या कडेच्या पायवाटेनं त्याच्या मागं मागं येतच राहिली.

पहिला तासभर ठीक गेला. उजाडलं होतं. तो चाव्या ठोकत होता आणि ती अंतर राखून चालत होती. पण त्याचं चित्त ठोक्यावर नव्हतंच. आजवर त्यानं स्वतःपुरतं वळून बघितलं होतं, आता दर वीस स्लीपरला तो तिच्याकडं बघत होता. वळणावर, जिथं दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी माजल्यात आणि पुढचं-मागचं काही दिसत नाही, तिथं तो पलीकडच्या लाइनवर चावी ठोकायला वाकला. तेवढ्यात त्याला पाणी द्यायला म्हणून नीलम्मा पायवाट सोडून वर आली, आणि पहिली लाइन ओलांडून दोन लाइनींच्या मधोमध उभी राहिली.

हॉर्न वाजला.

तो ताठ उभा राहिला. तिला सांगायचं होतं, हो बाजूला. पण कुठल्या बाजूला? पुढून येतेय की मागून? या लाइनवर की त्या? त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून आवाजच निघाला नाही. पंचवीस वर्षं रुळावर काढलेल्या माणसाला बायकोला एवढं सांगता येईना. पुन्हा हॉर्न झाला, जवळून. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, तो आता सांगेल म्हणून.

तिनं जास्त वाट बघितली नाही. त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत पहिली लाइन ओलांडून पायवाटेवर उतरली. पाठीमागून एक्सप्रेस आली आणि तो ज्या लाइनवर वाकला होता तिच्यावरून धडाडत निघून गेली. वाऱ्यानं तिचा पदर उडाला. तिनं मनगट सोडलं नाही, इतकं घट्ट की बांगडी त्याच्या हाडात रुतत होती.

गाडी गेल्यावर त्यानं मोबाइलवरून मुकादमाला कळवलं, आज माझी हद्द दुसऱ्या कुणाला तरी द्या. मग दोघं पायवाटेनं स्टेशनकडं परत निघाली.

सुपरवायझरसाहेबांच्या खोलीत तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. नीलम्मा दाराशी थांबली.

"साहेब, मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. गाडी कुटनं आली त्ये कळत न्हाय. मला लाइनवर पाठवू नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

इथंही थोडे दिवस म्हणता आलं असतं. पण मघाशी उघडून तसंच राहिलेलं तोंड त्याला आठवलं. "संक्रांतीपासनं, साहेब. नऊ महिने झाले."

साहेबांनी मोठ्या दवाखान्यात तपासणीला पाठवायचा कागद लिहायला घेतला. रागावले नाहीत, आणि रागावले नाहीत याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. कागद घेऊन तो बाहेर आला तर नीलम्मा दाराशी नव्हती. ती फलाटावरच्या बाकड्यावर बसली होती, बुटांकडं बघत.

तो शेजारी टेकला. त्यानं विचारलं, "जंगलाचं काय मग? नको म्हणून सांगू श्रावणीला?"

"जायाचं," ती म्हणाली. "पर तुमी पुढं न्हाय. मधी चालायचं. शिट्टी वाजली तर हाय तितंच उभं ऱ्हायचं. मी येऊन हात धरंन, मग हलायचं."

"व्हय."

समोरून एक पॅसेंजर थांबून निघून गेली. ती गेल्यावर नीलम्मा त्याच्याकडं न बघता म्हणाली, "नऊ महिने. रोज तुमी गेल्यावर मी दार लावत हुते, आन उजाडस्तोवर पुन्यांदा निवांत झोपत हुते."