माळावर दिलेला ओवा

"इनास गेले," एवढंच फिलू वहिनी फोनवर म्हणाल्या. मी विरारच्या घरी दात घासत होतो. तोंडात पेस्ट तशीच, आणि मी वेड्यासारखा आपल्या मित्राच्या बायकोला विचारतोय, "कुठे गेला?"... वाडीत केळीला पाणी लावता लावता तो खाली बसला, तो उठलाच नाही. हृदयविकाराचा झटका. आज सहा आठवडे झाले. चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाली, महिन्याची झाली. दोन्ही वेळा मी मागच्या बाकावर बसलो, पुढे जायची माझी हिंमत नव्हती.

आम्ही दोघं तीस वर्षं एकाच शाळेत. मी गणित शिकवायचो, तो भूगोल. वसईबाहेर फारसा न गेलेला हा माणूस फळ्यावर इंग्लंडचे माळ काढून दाखवायचा. त्याची लेक लीना तिकडेच नर्स झाली आणि गेल्या ऑगस्टात तिने आम्हा दोघांनाही बोलावलं. वहिनी गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. लीनाने आम्हाला डार्टमूरच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. नजर पोचेल तिथवर माळ, त्यावर जांभळा फुलोरा, मोकळी हिंडणारी ठेंगणी घोडी... इनास अगदी पोर झाला. "दत्ता, अख्खा डोंगर आणि एक गोदाम नाही रे! डोंगर कापून गोदामं बांधणाऱ्या आपल्या कामणच्या लोकांना आणून दाखवायला पाहिजे." खेड्यातल्या घरांवर गवताची छपरं बघून म्हणाला, "घ्या! आम्ही लाजून पत्रे घातले, आणि हे साहेब अजून गवतातच."

तिथल्या चहाच्या दुकानात त्याने मलई थापलेले दोन बन हाणले. मग लीना गाडीपाशी थांबली आणि आम्ही दगडांचं टेकाड चढायला लागलो. अर्ध्यावर तो थांबला. हात छातीवर, कपाळावर घाम. त्या गार वाऱ्यात घाम! मला कळायला नको? पण आमच्या कोकणात छातीत भरलं की पहिलं औषध ओवा, आणि माझ्या खिशात पुडी असतेच. "मलई बाधली तुला," मी म्हटलं. त्याने ओवा चावला, मोठा ढेकर दिला, आणि आम्ही दोघं मूर्खासारखे हसलो. "लीनाला बोलू नकोस हं," तो म्हणाला. "आत्ता उचलून दवाखान्यात टाकेल. मला वरून बघायचंय अजून." दोनशे पावलांवर नर्स उभी होती. आणि मी ओवा दिला!

लीना दर रविवारी आईला फोन करते. दर वेळी तेच... पप्पा माझ्यासमोर होते, मला कसं दिसलं नाही?

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. ओट्यावरच्या इनासच्या वेताच्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही. उभ्याउभ्याच मी सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता घराबाहेर काढतील.

"वाडीत दोनदा झालं होतं तसं," त्या म्हणाल्या. "तिकडे जायच्या आधी. म्हणाले, दत्ताला सांगू नको, तो मला न्यायचा नाही. त्यांचा तो आनंद बघून मी गप्प बसले."

एका माणसाने आम्हा दोघांची तोंडं बांधली, तीही लाडीगोडीने. राग येतो त्याचा. भांडायला तो नाही.

तेवढ्यात फोन वाजला. लीनाच. वहिनींनी तो माझ्या हातात दिला आणि ती खुर्ची पुढे ओढली. मी बसलो आणि 'हॅलो' म्हटलं.

"काका, तुम्ही? मम्मी बरी आहे ना?"

"बरी आहे. लीना, तू आधी कुठेतरी बस बघू."