अण्णांच्या बारीक नळ्या आणि मामांची कंदुरी

आमच्या अण्णांच्या हृदयात ब्लॉकेज नव्हता, म्हणून एका बोकडाचा जीव गेला.

चालताना वडिलांची, म्हणजे अण्णांची, छाती भरून यायची. बीपी तर जुनंच, एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होते तेव्हापासूनचं. जालन्यात अँजिओग्राफी केली. डॉक्टर मला म्हणाले, "मोठ्या नळ्या साफ आहेत, ब्लॉकेज नाही. पण..." या 'पण'च्या पुढचं ऐकायला मी केबिनमध्ये होतो कुठे? मी बाहेर, फोनवर! (घरात चांगली बातमी पहिल्यांदा सांगायचा मान मी कुणाला मिळू देत नाही.)

पहिला फोन जाफराबादला, आईच्या थोरल्या भावाला, गुलाबमामांना.

"ब्लॉकेज न्हाई? बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही, मामा!"

"मंग कंदुरी करावी लागती! म्या पिराला बोलून बसलोय."

झालं! रविवारी मामांच्या शेतात नवसाचं मटण शिजलं आणि सगळा गोतावळा जमला. आई हळूच म्हणाली, "आरं, त्यांची बीपीची गोळी राह्यली ना." मी शहाण्याचा आव आणून म्हणालो, "हृदय साफ आहे, आता बीपी काय करणार? आज राहू दे!"

अण्णांनी तर्रीदार रस्सा ओरपला, वर ठेचा, वर पापड. मग त्यांना खुमखुमी आली. "कोण म्हन्तं मी आजारी हाय? बांधापर्यंत पळून दाखवतो!" आणि पळालेसुद्धा. मी टाळ्या वाजवल्या!

अर्ध्या वाटेत ते मटकन खाली बसले. अंगाला दरदरून घाम. "आरं, छातीवर कोण बसून राह्यलं रे?" मी टाळ्या सोडून धावलो. अण्णा आता जातात, एवढंच डोक्यात.

त्यांना जीपमध्ये घातलं, तर पाहुणेही चढले. मामांनी पातेलंही चढवलं. "हे लोक बिनजेवता येऊन राह्यले, उपाशी ऱ्हातील का?" आई जालन्यापर्यंत देवाचा धावा करत होती, दोन्ही हातांनी पातेल्याचं झाकण दाबून!

डॉक्टरांनी आधी अण्णांना सावरलं. मग मटणाच्या वासाने भरलेल्या व्हरांड्यात येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"मी तुम्हाला 'पण' म्हणालो होतो."

"हो, डॉक्टर."

"पण वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं, की हृदयातल्या बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात. वाट अरुंद होते. मग जरा श्रम झाले की हृदयालाच रक्त कमी पडतं. आणि त्या नळ्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत."

मामांना लगेच उमगलं. "म्हंजे डांबरी रोड बराबर हाय, गाडी शेताच्या पांदणीत फसून राह्यली." मग काळजीनं, "डॉक्टरसायेब, मंग कंदुरी फुकट गेली का हो?"

मामा आता नाहीत. तसा घरभर गोंधळ घालणारं माणूस पुन्हा आमच्याकडे झालं नाही, फार आठवण येते. अण्णा मात्र ठणठणीत आहेत. गोळी चुकवत नाहीत आणि अळणी भाजीला शिव्या देत पोटभर जेवतात. तपासणीला मीच नेतो त्यांना. डॉक्टर माझा फोन काढून टेबलावर ठेवायला लावतात, दाराला आतून कडी घालून घेतात, आणि मगच तोंड उघडतात.