जेवणाची सुई

आई गेली तेव्हा मी बल्लारपूरला शाळेच्या ऑफिसात बसून एका मुलीचा दाखला लिहीत होते. भावाचा फोन आला. "बाई, माय गेली," एवढंच तो म्हणाला. मी बरं म्हटलं. दाखला पूर्ण केला, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत थांबले आणि मग हेडमास्तरांना जाऊन सांगितलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मला वाटलं, हे काऊन उभे राह्यले.

घरी येऊन बॅग भरली. इन्सुलिनची दोन्ही पेनं, सुयांची डबी, पेनात घालायच्या जास्तीच्या दोन काट्रिज, साखर मोजायचं मशीन, ग्लुकोजची पुडी. काट्रिज ओल्या रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवल्या. मे महिना होता आणि आमच्याकडच्या मे महिन्यात इन्सुलिन उघड्यावर टिकत नाही. हे सगळं मी नीट, क्रमानं केलं. लुगडं मात्र एकच घेतलं, जे अंगावर होतं ते. नवऱ्याची मिलमध्ये शिफ्ट होती, तो सुट्टी टाकून आला आणि आम्ही निघालो. मूल, गडचिरोली, आरमोरी, पुढं कुरखेडा. रस्ताभर तो अधूनमधून माझ्याकडे पाहत होता. मी खिडकीबाहेर तेंदूपत्त्याचे फड पाहत होते, पानांच्या गड्ड्या उन्हात ओळीनं मांडलेल्या.

मी रडले नाही. आईला उचललं तेव्हा नाही, माणसं निघाली तेव्हाही नाही. बाया माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मला दोनदा उराशी धरून मोठ्यानं रडली आणि मग माझी पाठ चाचपून म्हणाली, "पोरगी दगडासारखी झाली." खरंच तसं होतं. दाढ काढताना सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं.

एक काम मात्र चुकत नव्हतं. काही वर्षांपूर्वी गोळ्यांनी माझी साखर आवरेना, तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला इन्सुलिनवर टाकलं. दोन प्रकारचं. एक रात्री झोपताना, ते हळूहळू दिवसभर चालतं. दुसरं जेवणाच्या आधी, ते लगेच काम करतं. आमच्या घरात त्यांना रात्रीची सुई आणि जेवणाची सुई म्हणतात. दोन्ही काट्रिजमधलं औषध पाण्यासारखं, नुसतं पाहून ओळखू येत नाही, म्हणून जेवणाच्या पेनाला मी रबर गुंडाळून ठेवलं आहे. अंधारातही बोटांना कळावं. जेवणाची सुई घेतली की दहा-पंधरा मिनिटांत घास पोटात गेला पाहिजे. ती वाट पाहत नाही.

भावाची बायको मला बाईच म्हणते. पहिल्याच दिवशी ती थर्मास घेऊन उभी राहिली. "बाई, हे फ्रीजात ठेवू का?"

"ठेव. पण दारात ठेव. बर्फाजवळ नको, थिजलं की वाया जाते."

"लाइन तं दिवसातून चारदा जाते इथी."

मग तिनंच परसातलं एक लहान मडकं आणलं, दुसऱ्या मोठ्या मडक्यात ओली रेती घालून त्यात बसवलं, आणि काट्रिज प्लास्टिकच्या पन्नीत बांधून आत ठेवल्या. मी पोटाला सुई टोचताना ती शेजारी बसून पाहत होती. आधी दोन युनिट हवेत सोडले, टोकाला थेंब आला, मग आकडा फिरवून टोचलं आणि मनात दहा मोजून सुई काढली.

"अन् हे घेतलं, अन् जेवलं नाई तं?" तिनं विचारलं.

"साखर उतरते. घाम येते, हातपाय कापते. माणूस भलतंच बोलते. मग साखर द्या लागते."

"म्हणजे शुगरवालीले साखर?"

"हो."

ती हसणार होती, पण घर कशाचं आहे ते आठवून तिनं पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून पुरुष मंडळी वैनगंगेवर गेली. एक जीप आणि मागं ट्रॅक्टर. घरात बायांनी भात, बिनफोडणीचं वरण आणि भाकरी असा स्वयंपाक केला. पुरुष आले की आंघोळी होतील, ते जेवतील, मग बाया जेवतील असं ठरलेलं. भावजयीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुमचं ताट मी माणसांसंगंच वाढतो, तुम्ही आतल्या खोलीत बसून घ्या."

दुपारी भावाचा फोन आला. "कुरखेडा सोडलं. आलोच आता." भावजय ताटं पुसायला लागली. कुरखेड्याहून आमचं गाव जवळ आहे. मी आतल्या खोलीत गेले, साखर तपासली. ती बरीच वर होती, त्या दोन दिवसांत सगळंच वरखाली चाललेलं. आकडा फिरवला, टोचलं, पर्स खुंटीला अडकवली आणि बायांमध्ये येऊन बसले.

मग फोन आला की गावाच्या अलीकडच्या जंगलात हत्ती रस्त्यावर आले आहेत. ओडिशाकडून आलेला कळप तेव्हा आमच्या भागात फिरत होता, त्याचं कोणाला आता नवल राहिलं नव्हतं. वनखात्याच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवल्या होत्या. "पिल्लू हाय त्याहीच्यात," भाऊ म्हणाला, "हलून नाई राह्यले. वेळ लागंल."

मला कळलं होतं. डोक्यात सगळं स्वच्छ होतं, की सुई गेली आहे आणि आता जेवायला हवं. मी चुलीकडे निघाले, तर मावशी म्हणाली, "काय पायजे?"

"मी घेतो जरासं जेवून."

"थांब वो पोरी. मायची राख सोडून माणसं उपाशी येऊन राह्यली. येऊ दे त्याहीले."

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला सगळं समजावून सांगायला हवं होतं, इन्सुलिन म्हणजे काय, ही दोन का आहेत, ही थांबत का नाही. एवढं सगळं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. मी परत खाली बसले. ग्लुकोजची पुडी पर्समध्ये होती, पर्स भिंतीपलीकडे. जाऊ थोड्या वेळानं, असं वाटलं. भावजय तेव्हा विहिरीवर गेली होती.

बाया आईच्या गोष्टी सांगत होत्या. धानाच्या रोवणीत आई कशी सगळ्यांच्या पुढं जायची, वाकली की बांध येईपर्यंत कशी उठायची नाही. मी ऐकत होते. मग ऐकू येणं थोडं मागं गेलं, कोणी दार लोटून घ्यावं तसं. ओठांभोवती मुंग्या आल्या. मानेवरून घाम निघाला आणि पोलक्यात उतरला. उन्हाचा घाम असा थंड नसतो, हे मला माहीत होतं. उठायचं म्हणून मी हात टेकला तर हात कापत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. का ते मला सांगता येणार नाही. मला दुःख झालेलं नव्हतं.

"रडली," कोणीतरी म्हणालं. "रडली बापा एकदाची."

मावशीनं झडप घालून मला कवळ्यात घेतलं. बाकीच्या बाया सरकून जवळ आल्या आणि सगळ्यांनीच गळा काढला. मी मावशीला दूर करायला पाहत होते, ती आणखी आवळत होती. "रड पोरी, रड. मोकळी हो." मी म्हणाले, साखर. माझी जीभ जड झाली होती.

"सासर म्हनते," मावशी बाकीच्यांना म्हणाली. "जाजो ना सासरी. कोनी अडवते का तुले? मायचं घर कुठी जाते, भाऊ हाय, भावजय हाय."

मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, हो, जाजो. त्या वेळी मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मावशीच्या लुगड्याला चुलीचा धूर होता आणि तिच्या खांद्यावरून मला छताचे फाटे दिसत होते. आता हे असंच होणार, असा एक विचार आला आणि मी त्याच्याकडे पाहत राहिले.

भावजय विहिरीवरून पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन आत आली. तिनं मला पाहिलं आणि पाणी खाली ठेवलं. तिनं आधी माझा हात धरला. "मावशी, सोडा त्याहीले. हात पाहा कसा गार हाय."

"रडू दे तिले."

"रडून नाई राह्यल्या त्या. त्याहीनं सुई घेतली हाय."

ती आत पळाली. पेल्यात पाणी आणि साखर, चमच्यानं ढवळत ढवळतच आली. मला भिंतीला टेकून बसवलं, हनुवटी वर केली. "बाई, गिळता येते का? पाहा माह्याकडे. गिळा." मी गिळलं. पहिल्या घोटाला चव लागली नाही, दुसऱ्यालाही नाही. पेला संपल्यावर तिनं आणखी एक चमचा साखर तशीच तोंडात घातली. बाया मागं सरकल्या होत्या. सुतकाच्या घरात, आईची राख सोडून माणसं परत यायच्या आत, लेक साखर खात होती.

मशीन आणून तिनंच माझ्या बोटाला टोचलं, मी नुसतं पट्टी कशी लावायची ते दाखवलं. आकडा पन्नासच्याही खाली होता. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, तेव्हा वर आला होता. मग तिनं माझ्यापुढं भात-वरण ठेवलं आणि मावशीकडे पाठ करून, मी जेवेपर्यंत मधे बसून राहिली.

माणसं उन्हं कलल्यावर आली. हत्ती उतरून नाल्याकडे गेले होते. तोवर गावात झालं होतं की लेकीनं मायसाठी एवढं रडून घेतलं की तिला भोवळ आली. संध्याकाळी भेटायला आलेल्या बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "अशी लेक पायजे." मी मान हलवली असेल.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला गाडीवर बसवून कुरखेड्याच्या स्टँडवर सोडायला आला. नवरा आधीच परत गेला होता. एस.टी. लागायची होती. आम्ही शेडखाली उभे होतो.

"मी रडली नव्हती," मी त्याला म्हणाले. "साखर उतरली होती."

"सांगतलं मले तिनं." तो गाडीच्या चावीशी खेळत होता. ती खिशात टाकून म्हणाला, "मी बी नाई रडलो, बाई. सगळे म्हनतेत, मोठ्या धीराचा हाय."

"मग?"

"मग काय. काई वाटूनच नाई राह्यलं."

एस.टी. आली, त्यानं माझी बॅग वर चढवून दिली.

चंद्रपूरला डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दुपारचे युनिट थोडे कमी केले. म्हणाले, लग्न असो की मयत, ताट समोर आल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही. "स्वयंपाक झाला म्हणजे ताट आलं असं नाही. आणि किती जेवण होणार तेच माहीत नसेल, तर आधी जेवायला सुरुवात करा, ही सुई लगेच मागून घेतलेली तुम्हाला चालते. मागून म्हणजे लगेच, तासाभरानं नाही. साखर खुंटीला लावायची नाही, अंगावर ठेवायची." मी ग्लुकोजच्या पुडीसाठी कमरेला एक बटवा केला. शाळेत जाऊ लागले. डबा उघडायचा, मग सुई, मग जेवण. भूक लागत होती की नाही ते विचारायचा प्रश्नच नव्हता. आकडा विचारत होता, मी उत्तर देत होते. असे ते दिवस गेले.

तेरवीला पुन्हा गावी गेले. मांडव होता, पाहुणे खूप होते, पंगती कधी बसतील याचा पत्ता नव्हता. मी एका कोपऱ्यात बटवा चाचपत बसले होते. मावशी आली. तिच्या हातात पत्रावळ होती. ती तिनं माझ्यापुढं मांडली, पाण्याचा गिलास ठेवला.

"तुले सुई हाय ना," ती म्हणाली. "तू बस पयले."

"माणसं बसायची आहेत अजून."

"बसतीन. त्याहीले काय झालं."

भावानं की भावजयीनं तिला काय आणि किती सांगितलं ते मी विचारलं नाही. पेनातलं औषध संपत आलं होतं, म्हणून नवी काट्रिज घातली. आल्या आल्या रेतीच्या मडक्यात ठेवलेली, म्हणून थंड होती, ती थोडा वेळ तळहातात धरली, मग बसवली, नवी सुई लावली, टोकाला थेंब येईपर्यंत हवा काढली. बाया पाहत होत्या. लहान मुलांना त्यांनी मागं ओढलं. मी पदराआडून पोटाला टोचलं, दहा मोजले. मावशी वाढायला बसली. भात, वरण, भाजी, थोडं गोड. गोड मी अर्धं परत दिलं, तिनं कुरकुर न करता घेतलं.

मांडवभर माणसं उभी होती आणि मी एकटी जेवत होते. त्या घरात, त्या गावात, पुरुषांच्या आधी जेवायला बसलेली बाई मी तरी पाहिली नव्हती. लाज वाटेल असं वाटलं होतं. ती वाटली नाही, आणि रडूही आलं नाही. मावशी माझ्या तोंडाकडे न पाहता पत्रावळीकडे पाहत होती, घास किती उरले ते.

दुसऱ्या-तिसऱ्या घासाला मला कळलं की वरणात मीठ कमी आहे. बऱ्याच दिवसांत मला कशाचंही असं काही कळलं नव्हतं.

"मीठ दे थोडं," मी म्हणाले.

मावशीनं वरण बोटावर घेऊन चाखलं. "हो वो," ती म्हणाली, आणि मीठ आणायला उठली.