आधी बसा

आमच्या फौजदारांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवणसुद्धा फळीवर ताट ठेवून उभ्यानं. दुसऱ्याला मात्र ते कधी उभं राहू द्यायचे नाहीत. ‘नमस्कार’ म्हणायच्या जागी त्यांच्या तोंडी दोनच शब्द असत, “आधी बसा.”

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कल्याणला शाळेत मास्तरीण होते आणि शेजारच्या खोलीत हे नवरा-बायको राहत. एकदा दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याची तक्रार घेऊन मी तणतणत चौकीत गेले. “आधी बसा, बाई.” बसले. पाणी आलं, प्यायले. मग त्यांनी गवळ्याला बोलावून माझ्याच बाकावर बसवलं. मांडीला मांडी लागलेल्या माणसाशी भांडून बघा, जमत नाही. दूध सुधारलं. थोडंसंच, पण सुधारलं.

“दगड मारायला उभं राहावं लागतं,” ते म्हणायचे. “बसलेला माणूस फार तर शिव्या देतो.”

“मग तुम्ही का नाही बसत?”

“एकानं पहाऱ्यावर राहायचं असतं.”

खरं कारण त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, सांगितलं. पोलिसात येण्याआधी ते फौजेत होते, तेव्हा महायुद्धात इटलीतल्या लढाईत त्यांचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला होता. बसलं की पाय समोरच्याच्या अंगावर रोखल्यासारखा जायचा. कोणाकडे पाय करून बसणं त्यांच्या जिवावर येई. त्याच लढाईत शौर्यपदक मिळालं होतं. कशाबद्दल, असं विचारलं की म्हणत, “पळालो नाही म्हणून. पायच चालत नव्हता, पळतो कसला!” पदक वहिनींनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. त्यालाही रोज हळदकुंकू. त्यामुळे पंधरा ऑगस्टच्या संचलनात आमच्या फौजदारांच्या छातीवरचं पदक पिवळंधमक दिसे.

एका उन्हाळ्यात विठ्ठलवाडीच्या बाजूला निर्वासितांच्या छावणीतले नळ आटले. सिंधी बायका हंडे घेऊन जवळच्या गावच्या विहिरीवर आल्या. गावचा जानू पाटील आडवा आला. “ही आमच्या बापजाद्यांची बाव हाय!” दोन्हीकडची माणसं जमली, हातांत दगड आले. वरचे साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी सरळ गोळीबाराचा हुकूम दिला. फौजदारांनी तो ऐकला आणि बंदुकांच्या पुढे जाऊन, जमावाकडे तोंड करून ओरडले, “आधी बसा!”

मी तिथे नव्हते. पण त्यांच्या शिपायानं हे इतक्यांदा सांगितलंय की आता मी होतेच असं वाटतं. मग सगळ्यांत पुढची सिंधी म्हातारी, जिला छावणीत माई म्हणत, हंडा मांडीवर घेऊन मातीत बसली. बाई बसलेली पाहून पाटलाला उभं राहवेना. तोही बसला. मग सगळेच बसले. सकाळी गावानं पाणी भरावं, दुपारी छावणीनं, असं बसल्या जागी ठरलं.

हुकूम मोडला तो मोडलाच. ठाण्याला चौकशी लागली. नोकरी जाणार अशी बोलवा होती. वहिनी देव्हाऱ्यासमोरून हलेनात. फौजदार मात्र निवांत. मला म्हणाले, “समोर शत्रू असता तर झाडली असती, बाई. पाण्याला आलेल्या बायकांवर नाही.”

चौकशीच्या दिवशी मी वहिनींबरोबर ठाण्याला गेले. बघते तर कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, अख्खं गाव आणि अर्धी छावणी. घोषणा नाहीत, काही नाही. सगळे नुसते बसलेले. फौजदार जबानी देऊन बाहेर आले आणि बघतच राहिले.

“उठा. घरी जा. हे माझं मला निस्तरू द्या.”

त्यांच्या तोंडून ‘उठा’ मी प्रथमच ऐकलं. कोणी उठलं नाही. माई म्हणाली, “पहले आप बैठो, साब.”

नोकरी राहिली आणि बदली घाटावर झाली, हे आठवड्यानं कळलं. त्या घडीला मात्र कोणालाच काही माहीत नव्हतं. फौजदारांनी वहिनींकडे पाहिलं, चिंचेच्या बुंध्याला हात टेकला आणि वर्दीसकट हळूहळू खाली बसले. ताठ पाय नेमका जानू पाटलाच्या छातीसमोर आला. ते ओशाळून तो बाजूला ओढू लागले, तसा पाटलानं तो बुटासकट उचलून मांडीवर घेतला.

“ऱ्हाऊ द्या, साहेब,” तो म्हणाला. “आता पहाऱ्यावर आमी हाव.”