फुल रेंज

फ्रेमवाले काका आयुष्यभर लोकांची माणसं काचेमागे बसवत आले. पण दुकानासमोरच्या खांबावर मोबाइल कंपनीचं मोफत वायफाय लागलं, तेव्हापासून त्यांचं डोकंच चालेनासं झालं. फोनवर रेंज फुल, आणि आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. वायफाय बंद करावं, तर मेलं आपोआप पुन्हा चालू होई.

आज एक बाई वडिलांचा फोटो मढवायला आल्या. दोघांचे फोन काउंटरवर शेजारी शेजारी, तरी बाईंनी पाठवलेला फोटो काकांच्या फोनवर येईना. आला तो धुरकट, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर गोल चक्र फिरत राहिलं.

काकांनी हातातली काच बाजूला ठेवून कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्याकडे आमचं वायफाय उत्तम दिसतंय."

"दिसतंय मलाही. चालत का नाही ते सांगा."

"त्यासाठी ॲपवर ऑनलाइन तक्रार करा, सर."

काकांनी फोन कापून खिशात टाकला. मग दुकान तसंच उघडं टाकून, बाईंना घेऊन तरातरा गल्लीच्या टोकाला गेले. तिथे वायफाय पोहोचत नव्हतं, मोबाइलची रेंजही जेमतेम होती, पण वडील क्षणात उमटले, अगदी मिशीसकट.

पाठोपाठ कंपनीचा मेसेज आला. काकांनी चष्मा पुसून तो मोठ्याने वाचला: "आपण आमच्या मोफत वायफायपासून दूर गेला आहात. वेगवान सेवेसाठी कृपया परत या."

"म्हणजे काय हो?" बाईंनी विचारलं.

"मला काय कळतंय," काका म्हणाले. "पण परत तर जावंच लागणार. दुकान तिथे आहे माझं."