जाऊबाईंचं एक नंबरचं दुखणं

आशागडपासून वाणगावपर्यंत स्वतःच्या छातीबद्दल भर बाजारात, भाजीचा भाव करावा तशा आवाजात बोलणारी बाई एकच, आणि ती माझी थोरली जाऊबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, रेडिएशनचे शेक दिले. आजार गेला, पण दुखणं मागे राहिलं. कधी नुसती आग, कधी सुई खुपसल्यासारखी कळ, तर कधी पदर लागला तरी झिणझिण्या. दुसरी कुणी कण्हली असती. जाऊबाईंनी दुखण्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. “न बोलावता येतो, आला की सरबराई करा, आणि जा म्हणायची सोय नाही,” हे त्या खऱ्या जावयाला वाढता वाढता म्हणाल्या. त्या बिचाऱ्यानं दुसरी पोळी घेतली नाही.

शिवलेले ब्लाउज टोचायला लागले तेव्हा त्यांनी थोरल्या दिरांची, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याची, धुऊन धुऊन मऊ झालेली बनियनं जप्त केली. आता दीर नवं बनियन आणतात, अंगावर घालून मऊ करतात, आणि ते मऊ झालं की जाऊबाईंकडे जातं. हात वर जावा म्हणून भिंतीवर बोटांनी पालीसारखं चढायचा व्यायाम दिलेला. तो करताना एकदा वर खरीखुरी पाल निघाली आणि तिला हाकलायला महिनाभर खांद्याशी अडलेला हात ताडकन डोक्याच्या वर गेला. “डॉक्टरला सांग, गोळ्या राहू दे, पाल लिहून दे!” हे त्यांनी मला हाक मारून कळवलं.

डॉक्टर दर खेपेला विचारायचे, एक ते दहामध्ये दुखणं किती? आता जाऊबाईंचा जन्म गेला मसोलीच्या वाडीत चिकू निवडण्यात. तिथे सगळ्यात मोठं फळ एक नंबर, मग दोन, तीन, आणि अगदी बारकं ते शेवटचं. म्हणून दुखण्यानं जीव नको व्हायचा त्या दिवसांत त्या ठणकावून “एक!” म्हणायच्या, आणि डॉक्टर समाधानानं साधी गोळी लिहून द्यायचे. वर्षभर हे असंच चाललं. या थंडीत जरा आराम पडला, म्हणून त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, “आता नऊ!” डॉक्टरांचं पेन थांबलं. “एवढं वाढलं? पुन्हा तपासण्या करून घेऊ,” ते म्हणाले.

‘पुन्हा’ म्हटल्यावर जाऊबाईंना ती गाठच आठवली. रिपोर्ट येईपर्यंतचा आठवडा त्या ओटीवर चिकू निवडत बसायच्या आणि मोठी फळं बारक्यांत टाकायच्या. घरात सगळ्यांना ते दिसत होतं. मला तर त्यांच्याकडे बघायचीही भीती वाटत होती.

रिपोर्ट घ्यायला मी सोबत गेले; तो स्वच्छ आला. “मग नऊ का म्हणालात?” डॉक्टरांनी विचारलं. जाऊबाईंनी त्यांना चिकूची निवड समजावून सांगितली. मला हसू फुटलं, पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फाइलची मागची पानं उलटली, प्रत्येक पानावरचा ‘एक’ पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. “चुकलं माझं. नीट विचारायला हवं होतं.” हे नसांचं दुखणं आहे, हळूहळू कमी होईल, कदाचित थोडं राहीलही, काही वेगळं वाटलं तर लगेच या, असं सांगून त्यांनी औषध बदललं.

परतताना रिक्षात मी चिडून म्हटलं, “ताई, एवढं दुखत होतं तर आम्हाला तरी सरळ सांगायचं!”

“तुम्ही सगळी हसायचात गं,” त्या म्हणाल्या. “हसलात की वाटायचं, अजून घाबरण्यासारखं काही नाही.”

खड्ड्यात रिक्षा आदळली तसा त्यांनी छातीवरचा पदर हातानं उचलून धरला. मग त्या हळूच म्हणाल्या, “आज खूप दुखतंय.” एवढंच. पुढे काहीतरी गमतीचं येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, आणि मसोली येईपर्यंत मी जागची हलले नाही.